जुन्या यंत्राची कॉफी, नव्या यंत्राची कॉफी

चिखलदऱ्याच्या घाटात एक लहानसं गाव आहे. तिथं गुणवंत नावाचा एक भोळा माणूस राहायचा. सांगितलेलं काम सांगितल्यासारखंच करायचं, हा त्याचा एकुलता एक गुण. त्या गुणानं गावाला पार घाम फोडला होता.

गुणवंत कुमुदताई देशकरांच्या कॉफीच्या दुकानात कामाला होता. दुकानामागे ताईंची कॉफीची बाग होती आणि दुकानात सासऱ्यांच्या काळातलं कॉफीचं यंत्र होतं. ते पाणी तापवायचं, गुरगुर करत नळीतून वर चढवायचं आणि भुकटीवर एकाच जागी टपटप सोडायचं. कॉफी व्हायची एकदम कडक. मग ताईंच्या पुण्यातल्या मुलानं नवं यंत्र पाठवलं. ते आवाज न करता भुकटीवर गोल गोल पाणी सोडायचं, मध्येच थांबायचं, पुन्हा सोडायचं. मुलगा फोनवर म्हणाला, आता जुनं भंगारात द्या.

कुमुदताईंचं मन होईना. त्यांनी ठरवलं, रविवारी गावातल्या जाणत्या माणसांना बोलवायचं, दोन्ही कॉफ्या पाजायच्या आणि जी हरेल तिचं यंत्र भंगारवाल्याला द्यायचं. गुणवंताला धाकधूक वाटू लागली. त्याला जुनं यंत्र आवडायचं, कारण काम करताना ते बोलायचं.

शनिवारी ताईंनी त्याला रीत समजावली. आधी थोडंसंच पाणी घालायचं. कॉफी फुलेपर्यंत थांबायचं. मग उरलेलं पाणी. एवढं सांगून त्या दूध आणायला गेल्या.

परत येतात तो दुकान रिकामं. गुणवंत मागे बागेत, कॉफीच्या झाडाशी पेला घेऊन उकिडवा बसलेला.

"इथं काय करतोयस रे?"

"थोडं पाणी घातलंय जी. आता फुलायची वाट बघतोय."

"अरे, झाडाला फुलं यायची ती उन्हाळ्यात."

"थांबतो जी," गुणवंत म्हणाला.

ताईंनी त्याला आत आणला. फुलते ती भुकटी, असं सांगितलं. बाहेर शोधत बसायचं नाही, झाकण उघडायचं आणि आत बघायचं. गुणवंतानं ते मनात पक्कं केलं.

रविवारी पाहुणे आले. सरपंच आले, दवाखान्यातल्या सुलभा नर्सबाई आल्या. निवृत्त हेडमास्तर ठोसर बाजारातून परस्पर आले, हातात झाकणाची टोपली घेऊन. टोपली त्यांनी बाकाखाली ठेवली. गुणवंत वाकला आणि त्यानं झाकण उघडलं.

आत कोंबडी होती. ती सरपंचांच्या मांडीवरून गल्ल्यावर आणि गल्ल्यावरून बागेत गेली. तिच्यामागे मास्तर गेले.

"चांगली फुलली होती जी," गुणवंत ताईंना म्हणाला.

मास्तर कोंबडीसकट परत आले, पण तोंड फुगवून बसले. ताईंनी गुणवंताला बाजूला घेऊन समज दिली. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. ज्याचं काम त्याला करू द्यायचं. जा आता, आणि कॉफीचं बघ. नवं यंत्र आपलं आपण चालतं.

गुणवंत जाऊन यंत्रासमोर हाताची घडी घालून उभा राहिला. सरपंचांनी जांभई दिली. नर्सबाईंनी घड्याळ बघितलं. शेवटी ताई आत डोकावल्या.

"अजून उठलं नाही जी," गुणवंतानं हळू आवाजात सांगितलं.

ताईंनी कपाळाला हात लावला. मग सावकाश सांगितलं, की पाणी द्यायचं आणि बटण दाबायचं. बटण दाबल्याशिवाय काही होत नाही. दोन्ही यंत्रं त्यांनी स्वतः भरून चालू केली. मग म्हणाल्या, मास्तर रुसलेत, जा, त्यांना जरा बोलतं कर.

गुणवंतानं मास्तरांना पाणी दिलं. त्यांनी ते प्यायलं. मग त्यानं त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण अंगठ्यानं जोरात दाबलं.

मास्तर बोलू लागले. बराच वेळ बोलले.

"चालू झाले जी," गुणवंतानं आत येऊन सांगितलं.

आता मात्र ताईंचा आवाज चढला. "माझ्या दारी आलेले सगळे सारखे. एकाला एक, दुसऱ्याला भलतंच, हे चालायचं नाही. सगळ्यांना एकसारखं. कळलं?"

गुणवंताला कळलं. वाईटही वाटलं. अशी चूक पुन्हा करायची नाही, असं त्यानं ठरवलं.

कॉफी झाली. एका यंत्राची पांढऱ्या कपांत आण, दुसऱ्याची निळ्या कपांत, आणि कुठली कशात हे कुणाला कळता कामा नये, असं सांगून ताई पाहुण्यांत जाऊन बसल्या. गुणवंतानं कप भरून आणले आणि तो आत गेला.

मास्तरांनी पांढऱ्या कपातला घोट घेतला आणि डोळे मिटले. हे जुनं यंत्र, ते म्हणाले, हा कडकपणा लपत नाही. नर्सबाईंना निळ्या कपात फुलांचा वास आला, म्हणजे ते नवं. सरपंचांच्या मते सगळं नेमकं उलट होतं. वाद रंगला. बाहेर भंगारवाल्याची हाक आली आणि गेली, तरी कुणाचं लक्ष नव्हतं. अखेर एकमत झालं, की कॉफी निळ्या कपातलीच चांगली.

ताईंनी पदराला हात पुसले. गुणवंताला बाहेर बोलावलं.

"निळ्या कपात कुठली होती रे?"

"दोन्ही जी."

"आणि पांढऱ्यात?"

"दोन्ही. एकाला एक, दुसऱ्याला भलतंच नको म्हणालात ना. पातेल्यात ओतून नीट ढवळून घेतली."

मास्तरांनी हातातल्या कपाकडे बघितलं. मग कुमुदताईंना हसू फुटलं, ते आवरेना. त्यांच्या मनावरचं ओझंच उतरलं.

"चला, बरं झालं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "म्हणजे कुणीच हरलं नाही. दोन्ही यंत्रं राहू देत."

गुणवंतानं खांद्यावरचा पंचा कमरेला घट्ट बांधला आणि पायात चपला सरकवल्या.

"कुठं निघालास?"

"भंगारवाल्याच्या मागे जी. तो अजून घाट उतरला नसेल. एकाला पाठवायचं आणि दुसऱ्याला ठेवायचं, हे काही बरं वाटेना. म्हणून मी दोन्ही देऊन टाकली."