दिगूने गाडीचा विमा राखला

ढवळेवाडीत एक भोळा मुलगा राहत होता. नाव दिगंबर, पण सगळे दिगू म्हणत. सांगितलेली गोष्ट तो कधी विसरायचा नाही. हीच त्याची अडचण होती.

दिगूला कराडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. खोली एका टोकाला, कॉलेज दुसऱ्या टोकाला. म्हणून त्याच्या बापाने, केरबाने, आपली जुनी पांढरी गाडी त्याला दिली आणि दम भरला, "गाडी धड ऱ्हायली तर कॉलेज. गाडी मोडली तर घरी ये आन् म्हशी राख."

दिगूला कॉलेज मनापासून आवडायचं. म्हशींनाही दिगू आवडायचा, पण ते वेगळं.

विम्याचे कागद वाचायची ढवळेवाडीत पद्धत नाही. कागद ट्रंकेत जातात. काय करायचं ते शेडगे काका सांगतात. काका म्हणजे गावचे विमा एजंट. निघताना दिगू त्यांच्या पाया पडला.

"काका, विमा कसा सांभाळायचा?"

"सोपं हाय. गाडीला काय बी झालं तर हात लावायचा न्हाई. आधी मला फोन करायचा."

"बरं काका."

तिसऱ्याच दिवशी कावळ्याने समोरच्या काचेवर घाण केली. दिगूने हात लावला नाही. फोन लावला. काका जेवायला बसले होते.

"काका, काचेवर कावळा शिटलाय. फुडचं दिसत न्हाई. काय करू?"

काकांना ठसका लागला. "आरं येड्या, असलं काय झालं तर ओलं फडकं घ्यायचं आन् पुसून टाकायचं! फोन कशापायी?"

"बरं काका. फुडच्या टायमाला तसंच करतो."

पुढच्या आठवड्यात एका टेम्पोने गाडीचं दार घासलं आणि पळ काढला. दारावर टेम्पोचा निळा रंग लागला होता. धुळीत चाकांच्या खुणा उमटल्या होत्या. दिगूने ओलं फडकं घेतलं. रंग घासून घासून काढला. मग झाडू आणून रस्ताही झाडला, वर सडा टाकला. काम इतकं छान झालं होतं, की शनिवारी गावी गेल्यावर त्याने स्वतःच काकांना कौतुकाने सांगितलं.

काकांनी डोक्याला हात लावला. "आरं, पुरावा पुसलास की रं! टक्कर झाली की सगळं जसं असंल तसं राहू द्यायचं. फोटो काढायचे. पाच पंच उभे करायचे. मग बाकीचं."

"बरं काका."

दिगूची खोली उतारावर होती आणि उताराखाली ओढा. एके दिवशी सकाळी त्याने गाडी लावली, पण हँडब्रेक ओढायचा राहिला. दिगू खाली उतरला आणि गाडी सरकायला लागली. अगदी हळू, गाभण म्हशीसारखी. चार पावलं धावून आत शिरला असता तर थांबली असती. पण दिगू आता शिकला होता. त्याने गाडी जशी होती तशी राहू दिली. एक फोटो काढला. मग हाका मारून पंच गोळा केले. घरमालकीण अक्का, इस्त्रीवाला, दूधवाला आणि शेजारचे दोघे.

"आरं दिगू, गाडी चालली की!" अक्का ओरडल्या.

"व्हय अक्का. कुणी हात लावू नका. रांगेत उभं ऱ्हावा."

पाचव्या फोटोत पंच नीट आले होते. गाडीची मात्र नुसती डिकी दिसत होती.

दिगूचा फोन येताच काका मिळेल त्या एसटीने कराडला आले. ओढ्याच्या काठावर त्यांनी दोन चकरा मारल्या. शेवटी म्हणाले, "दिगू, गाडी सरकताना दिसली की हातात असंल ते टाकायचं आन् आधी चाकाखाली दगड लावायचा. ऱ्हाईल ध्यानात?"

"ऱ्हाईल काका."

"उद्या नुकसान बघाया विमा कंपनीचे सर्व्हेअर साहेब येणार. त्यांनी कागद लिहून दिला तर गाडी दुरुस्त हुईल. न्हाईतर म्हशी."

दिगूला रात्रभर झोप आली नाही.

साहेब आले. त्यांनी ओढ्यातली गाडी पाहिली. मग ते पाच फोटो पाहिले. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "शेडगे, इतका खरा माणूस मी या धंद्यात पाहिला नाही," ते म्हणाले. शाईच्या पेनाने त्यांनी अहवाल लिहिला, सही केली आणि काकांना वाचून दाखवला. दुरुस्ती मंजूर. काकांनी देवाला हात जोडले. दिगू आनंदाने चहा आणायला धावला.

तो चहा घेऊन आला, तोवर साहेब आपल्या गाडीत बसून, अहवाल शेजारच्या सीटवर ठेवून निघाले होते. त्यांची नवीकोरी गाडी उतारावर सरकायला लागली.

दिगूने पाहिलं. हातातला ट्रे टाकला. रस्त्याकडेचा भला मोठा दगड उचलला आणि धावत जाऊन चाकाखाली सारला.

धाडकन आवाज झाला. बंपर निखळला. साहेबांचं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं आणि अहवाल खिडकीतून उडून सांडलेल्या चहात पडला. साहेब कपाळ धरून खाली उतरले. काका जागच्या जागी थिजले.

दिगू मात्र गडबडला नाही. त्याने ओलं फडकं आणलं आणि कागद पुसायला घेतला. चहाचा डाग गेला. शाई गेली. सहीपण गेली. पांढराशुभ्र कागद त्याने दोन्ही हातांनी काकांपुढे धरला.

"बघा काका, ह्या टायमाला कायबी चुकलं न्हाई!"

काकांनी केरबाला फोन लावला आणि एवढंच विचारलं, "म्हशी किती हायत रं तुझ्याकडं?"