आत्याचं रान

खूप काळ लोटला त्याला. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथे भार्गव नावाचा तरुण आपल्या कुमुदआत्यासोबत राहायचा. आत्याचे गुडघे गेले होते; घराबाहेर पडणं संपलं होतं. पण भार्गवच्या कॉम्प्युटरवर एक खेळ होता. त्यात घनदाट रान होतं, आणि आत्या रोज संध्याकाळी त्या रानात मनसोक्त भटकायची.

पुढे त्या खेळाची नवी आवृत्ती आली. रान आणखी दाट झालं आणि कॉम्प्युटरमधल्या, चित्र उमटवणाऱ्या जुन्या ग्राफिक्स कार्डाला ते पेलेना. चित्र अडखळू लागलं, आत्याला गरगरू लागलं.

"राहू दे रे," ती म्हणाली, "पुष्कळ हिंडले."

भार्गवने पैसे खिशात घातले. तो तडक बाजारात गेला.

दुकानातल्या बाईंनी विचारलं, "स्क्रीन केवढा आहे तुमचा? पॉवर सप्लाय किती जोराचा? हे मधलं कार्ड घ्या, भरपूर होईल."

पण भार्गवची नजर काचेतल्या सगळ्यात मोठ्या कार्डावर खिळली होती. तसं कार्ड पंचक्रोशीत कुणाकडे नव्हतं. मित्र ते बघायला येतील, या विचारानेच त्याची छाती फुगली.

"मधलं कशाला? तेच द्या," म्हणत त्याने साठवलेलं सगळं देऊन टाकलं.

त्या संध्याकाळी रान असं काही झळाळलं की आत्याने हात जोडले. ती धबधब्यापाशी पोचली, आणि कॉम्प्युटर बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद. एवढ्या मोठ्या कार्डाला लागणारी वीज जुन्या पॉवर सप्लायला पुरवता येईना. नवा घ्यायला गाठीशी काही उरलं नव्हतं.

काळ्या स्क्रीनकडे बघत आत्या हळूच म्हणाली, "माझ्याच हातून काही बिघडलं का रे?"

भार्गवला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नाही गं आत्या. गेलो तुझ्यासाठी, आणि घेऊन आलो माझ्यासाठी."

दुसऱ्या दिवशी तो खाली मान घालून दुकानात गेला. बाईंनी थोडे पैसे कापून कार्ड परत घेतलं आणि मधलं दिलं. जुन्या पॉवर सप्लायला ते झेपलं, आणि आत्याच्या छोट्या स्क्रीनला पुरून उरलं. राहिलेल्या पैशांत भार्गवने पाठीला टेकू देणारी खुर्ची आणली.

तिच्यात रेलून आत्या म्हणाली, "बस शेजारी. तुला धबधब्यापलीकडचं रान दाखवते."

इतके दिवस ते रान भार्गवच्याच घरात होतं; पण आत्यासोबत तो आज पहिल्यांदा तिथे गेला.

तात्पर्य : ज्याच्यासाठी घ्यायची, त्याच्या गरजेच्या मापाने घेतलेली वस्तूच आपल्या किमतीचं चीज करते.