बदकांची बोली

तळ्यांना मालक असायचे, त्या काळातली ही गोष्ट. एका तळ्यावर बदकांचं राज्य होतं आणि राखणीला एक टिटवा होता. कोल्हा दिसला की तो ओरडायचा, म्हणून बदकं निर्धास्त झोपायची. त्याची टिटवी आणि दोन पिल्लं मात्र दूर माळावर राहायची.

"त्यांना इथं आणू का?" टिटव्याने विचारलं.

"आण की," म्हातारं बदक म्हणालं. "पण बायकोला आधी आमची बोली आली पाहिजे. तिकडेच शिकू दे."

तेवढ्यात राजहंसांचं अख्खं कुटुंब तळ्यात उतरलं. त्यांना कुणी हटकलं नाही.

"त्यांना कुठे येते तुमची बोली?"

"त्यांचं वेगळं. ते आपल्यातलेच."

माळावर बदक औषधालाही नव्हतं. टिटवा शिकवून गेला तेवढ्यावर टिटवी दिवसभर घोकत बसायची. घसा सोलवटला, पिल्लं कंटाळून लांब जाऊन खेळू लागली, पण अखेर बोली तोंडात बसली.

एका दुपारी मुंगूस आलं. टिटवी जिवाच्या आकांताने ओरडली, आणि तोंडातून निघालं, "पॅक, पॅक." आईची हाक ऐकली की पिल्लं दगडांत दगड होऊन बसायची. ही हाक त्यांच्या ओळखीची नव्हती. ती खेळतच राहिली.

टिटवी एकटीच तळ्यावर गेली. म्हाताऱ्या बदकाने तिची परीक्षा घेतली. एकही चूक निघाली नाही.

"छान," ते म्हणालं. "आता जा, पिल्लांना घेऊन ये."