पूजेला बसवलेला टेकू

एकदा एका गुरूंनी आपल्या शिष्याचे पाय धरले. नमस्कारासाठी नव्हे, मोटारीखालून त्याला फरफटत बाहेर ओढण्यासाठी.

शिष्य चाळिशीतला गृहस्थ होता. यंत्रशाळेत या गुरूंच्या हाताखाली शिकलेला. मोटारीची किरकोळ दुरुस्ती तो घरच्या अंगणातच करी. इंजिनाखालचा पत्रा सैल होऊन खडखडत होता आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सहकुटुंब सासुरवाडीस जायचे होते. म्हणून त्याने मोटारीचा पुढचा भाग जॅकने उचलला, शेजारी विटांची चळत रचली आणि तो छातीपर्यंत आत सरकला. तेवढ्यात घोट्यांना हिसका बसला. पाठ खरचटली, सदरा फाटला. समोर गुरू संतापाने थरथरत उभे होते.

"सर, हे काय?" शिष्यही चिडला. कठड्याला टेकून शेजारचा व्यापारी सारे पाहत होता. त्याच्यादेखत शोभा झाली, हे शिष्याला खरचटण्यापेक्षा जास्त लागले.

"टेकूचे स्टँड कुठे आहेत?"

शिष्याने ओसरीकडे बोट दाखवले. खंडेनवमी होती. पाटावर हातोडा, करवत, पकड आणि उचललेल्या गाडीखाली लावायचे दोन लोखंडी स्टँड मांडले होते. हळदकुंकू वाहिलेले, माथ्यावर झेंडू. "पूजेला बसवलेत, सर. उद्यापर्यंत हलवायचे नसतात."

"आणि हा पाना? हा जॅक?"

"ते कामाला लागणार होते. सकाळीच बाजूला काढून ठेवले."

गुरू ओसरीवर चढले आणि त्यांनी दोन्ही स्टँड पाटावरून उचलले. फुले खाली विखुरली.

"गुरुजी, पूजा मोडलीत की हो," व्यापारी म्हणाला. "पाच मिनिटांचं काम. माझ्या ट्रकखाली माणसं रोज नुसत्या जॅकवर शिरतात. आत्ताही एकजण शिरला असेल. कुणाला काही झालं नाही."

"ज्याला होईल तो तुम्हाला सांगायला येणार आहे का, शेठ?"

मग ते शिष्याकडे वळले. "जॅक गाडी उचलतो, धरून ठेवत नाही. वीट अशा भाराखाली न सांगता फुटते. हे तुला मी शिकवलंय, तुला येतंय, म्हणून माझा संताप होतो. सकाळी तुला पाना आठवला, कारण त्याच्यावाचून पत्रा बसणार नव्हता. स्टँड आठवले नाहीत, कारण त्यांच्यावाचून फक्त तू मरणार होतास. आणि मेला असतास तर पेपरात दोन ओळी आल्या असत्या, दैवाचा घाला म्हणून. दैवाचा काय संबंध? लोखंडाला फूल वाहिलंस आणि स्वतःची छाती उघडी टाकलीस, ती तू. या स्टँडची पूजा एकच. तो जागेवर लावायचा."

हँडब्रेक ओढून शिष्याने मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले. विटा काढण्यासाठी जॅक थोडा चढवला, तर वरची वीट दोन तुकडे होऊन हातात आली. तो आत असतानाच जॅक खचून भार विटेवर येऊ लागला होता आणि त्याला ते कळलेही नव्हते. दोन्ही तुकडे त्याने बाजूला ठेवले.

मग त्याने सांगाड्याच्या भक्कम भागाखाली स्टँड लावले, जॅक सावकाश उतरवला आणि सारा भार त्यांच्यावर घेतला. उठून दोन्ही हातांनी गाडी जोरात रेटून पाहिली. ती हलली नाही.

"आता जा," गुरू म्हणाले. आवाजातली धग अजून उतरली नव्हती.

शिष्य आत सरकला. तिथून त्याला व्यापाऱ्याच्या चपला दिसत होत्या. कठड्याजवळ येरझाऱ्या घालणाऱ्या. व्यापारी फोनवर बोलत होता.

"गाडीखाली कोण आहे?... बाहेर काढ त्याला. दसऱ्याचा माल राहू दे... नट नंतर आवळ रे, आधी माणूस बाहेर... निघाला का?"

चपला थांबल्या. शिष्याने पाना छातीवर ठेवला आणि तोही उत्तराची वाट पाहू लागला.