शेवंताची खोळंबलेली स्वप्नं

या, सरका जवळ. पाय पांघरुणात घ्या. आणि ऐका.

डोंगरापलीकडे एक राज्य होतं. तिथल्या राजाला एकुलती एक लेक होती. शेवंता तिचं नाव. आठ वर्षांची, मोठी गोड पोर. पण ती झोपायचीच नाही. हसू नका रे. तुम्ही झोपत नाही ते हट्टानं. ती झोपायची नाही ते भीतीनं.

त्याचं झालं असं. तिची आई, म्हणजे राणी, आजारी पडली. फार दिवस अंथरुणाला खिळून होती. शेवंता उशाशी बसून राहायची, आईचं बोट मुठीत धरून. एका दुपारी बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. कितीसा वेळ? चुलीवरचं दूध उतू जाईल, तेवढाच. जाग आली तर बोट मुठीतच होतं, पण आई गेलेली होती.

मग शेवंताच्या मनानं घेतलं, की आपण डोळे मिटले म्हणून आई गेली. कुणाजवळ बोलली नाही, बरं का. मनातल्या मनात ठरवलं, आता डोळे मिटायचे नाहीत. घरात उरलेत एकटे आबा, म्हणजे राजा. त्यांना राखायचं.

मग ती दिवसभर आबांच्या मागे मागे. रात्री आबांच्या पलंगाशी, भिंतीला टेकून. पेंग आली की जिभेवर चिंच ठेवायची. चिंचेनं भागेना, तेव्हा मांडीखाली खडे घेऊन बसायला लागली. आठ दिवस झाले, पंधरा झाले, महिना झाला. तोंड एवढंसं झालं पोरीचं.

राजानं वैद्यबुवांना बोलावलं. वैद्यबुवांनी दुधात जायफळ उगाळून दिलं. शेवंता ते मुकाट्यानं प्यायली, आणि तिनं मुठीतही दोन खडे घट्ट धरले. डोळे जड झाले, पण मिटले नाहीत.

मग एक जोगी आला. त्यानं डफ वाजवायला सुरुवात केली. आधी हळू, मग भरभर. शेवंता बसल्या जागी डुलायला लागली. डुलता डुलता घुमायला लागली. डोळे सताड उघडे, पण हाक मारली तर ओ नाही. अंग तिथे, आणि पोर कुठे भलतीकडेच. राजा घाबरला. "थांबवा ते!" म्हणाला. डफ थांबला, पोर भानावर आली, पण झोप काही आली नाही.

आणि मग एक नवीनच सुरू झालं.

शेवंता जेवायला बसली, तर पानातल्या भातातून बगळे उडाले. भर्रकन. तिनं दासीला विचारलं, "पाहिलेस?" दासी म्हणाली, "काय हो, बाईसाहेब?" दुसऱ्या दिवशी जिन्यावर एक पिवळं वासरू उभं होतं आणि माणसासारखं खोकत होतं. तेही फक्त तिलाच दिसलं.

स्वप्नांचं असं असतं बाळांनो, ती रोज निघतातच. तुम्ही झोपलात की हळूच आत येतात, काय खेळायचं ते खेळतात आणि उजाडायच्या आत निघून जातात. नाही झोपलात तर दारात खोळंबतात. पण किती दिवस खोळंबतील बिचारी? शेवंताच्या दाराशी महिनाभराची स्वप्नं साठली होती. शेवटी ती भर उन्हात, ती जागी असतानाच आत शिरायला लागली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिला अंगणात आई दिसली. हिरवं लुगडं, पाठमोरी. शेवंतानं हाक मारली. आई थांबली नाही. मग शेवंता तिच्या मागे निघाली. वेशीबाहेर पडली, माळ ओलांडला, डोंगर चढली. पायात काटे मोडले, तिला कळलंही नाही. आई पुढे, ही मागे. आई चालत चालत कड्याच्या टोकाला गेली, आणि तशीच पुढे चालली. वाऱ्यावरून.

शेवंतानंही पाऊल उचललं.

इतक्यात तिच्या छातीशी एक काठी आडवी आली. मेंढ्या राखणारी एक म्हातारी तिथे उभी होती. धुळाबाई तिचं नाव.

"कुठं निघालीस पोरी? फुडं वाट न्हाई."

"आई गेलीय पुढे."

धुळाबाईनं कड्याकडे पाहिलं. मग पोरीच्या डोळ्यांकडे पाहिलं. "मला न्हाई दिसत गं. किती दिस झालं निजली न्हाईस?"

झालं! इतके दिवस कुणी असं विचारलंच नव्हतं. सगळे म्हणायचे, झोप, झोप. शेवंता मटकन खाली बसली आणि सगळं सांगून टाकलं. म्हणाली, "मी झोपले की माझं माणूस जातं."

धुळाबाई हसली नाही. वेडी पोर असंही म्हणाली नाही. शेजारी टेकली आणि म्हणाली, "ह्या रानात लांडगं हाईत. मी आन माझा म्हातारा मेंढरं राखतो. एक निजतो, एक जागतो. एकट्याच्यानं राखण हुईत न्हाई बाय. तू महिनाभर एकलीच जागी हैस. तुझी पाळी कवाच सरली. आता माझी."

"पण तुम्ही आबांना ओळखत नाही."

"मेंढरं तरी कुठं नावानं वळखते? मोजून राखते. किती जण हाईत तुझं?"

"एकच."

"मंग अवघड न्हाई."

धुळाबाईनं म्हाताऱ्याला राजाकडे पिटाळलं. राजा अनवाणी धावत आला. धुळाबाईनं त्याला समोर दगडावर बसवलं. "हा बघ तुझा बा. मी नजर काढत न्हाई. निज."

शेवंतानं बापाकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं. मग मूठ उघडली. खडे पडले. घोंगडीवर आडवी झाली, आणि म्हातारीच्या मांडीवर डोकं टेकताच झोपली.

तीन दिवस आणि तीन रात्री झोपली, बरं का! वारं लागू नये म्हणून मेंढ्या तिच्याभोवती दाटीनं बसून राहिल्या. खोळंबलेली स्वप्नं एकेक करून आत आली. बगळे आले, वासरू आलं. आणि सगळ्यांत शेवटी आई आली. या वेळी पाठमोरी नव्हती.

शेवंता म्हणाली, "आई, माझा डोळा लागला, म्हणून तू गेलीस ना?"

आई म्हणाली, "अगं वेडे, मीच तुला थोपटून निजवलं होतं. तू जागी असतीस तर माझा पाय निघाला असता का?"

मग आईनं तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. सावकाश. तिला कसलीच घाई नव्हती.

शेवंता जागी झाली. डोळे उघडायच्या आधीच तिनं विचारलं, "आबा?"

"आहे गं, इथेच आहे."

तिनं पाहिलं. आबा तसेच दगडावर. दाढी वाढलेली, डोळे लाल. इतक्या दिवसांत तिनं त्यांना नीट पाहिलंच नव्हतं. ते किती वाळले होते!

"आबा, तुम्ही झोपला नाहीत?"

राजानं मान खाली घातली. "तुझी आई गेल्यापासून झोप नाही बाळा. रात्री तू उशाशी बसायचीस ना, मी जागाच असायचो. तू घाबरशील म्हणून डोळे मिटून पडायचो."

धुळाबाईनं कपाळावर हात मारला. "एका घरात दोन राखणदार, आन निजायला कुणीच न्हाई!"

आणि ती अशी हसली, अशी हसली, की शेवंतालाही हसू फुटलं. मग शेवंतानं घोंगडी झटकली आणि आबांसाठी अंथरली. राजा आडवा झाला, आणि असा घोरायला लागला की मेंढ्या दचकून उठल्या. ती शेजारी बसून राहिली. पण आबांचं बोट काही तिनं धरलं नाही.

दुसऱ्या दिवशी बापलेक घरी गेले. धुळाबाई मेंढ्या घेऊन पुढच्या रानात गेली. शेवंता मोठी झाली, राणी झाली, पुष्कळ वर्षं जगली. त्या राज्यात सगळे पोटभर जेवायचे आणि डोळे भरून झोपायचे.

झाली गोष्ट. कूस बदला आता. आणि तू, धाकट्या, डोळे मीट. पुरे झालं किलकिलं बघणं.