एका इच्छेत एकच माणूस

डोंगराच्या कुशीत, पळसाच्या रानाला लागून, एक इवलीशी झोपडी होती. तिला खिडकी नव्हती, होतं ते एकच दार. त्या दारानं नऊ वर्षांच्या सोनकीचा जीव मेटाकुटीला आणला होता.

तिला आईबाबा नव्हते. घरात होती म्हातारी गोदाआत्या आणि धाकटा भाऊ धोंडू. थंडीत आत्याची हाडं ठणकायची. "सोने, चूल पेटव गं, अन् दार लाव!" दार लावलं की धूर कोंडायचा, धोंडूला धाप लागायची. "ताई, दार उघड ना!" उघडलं की आत्या कुडकुडायची. दिवसभर तेच. कुणाचं ऐकावं हे सोनकीला उमजेना. खोटं तर कुणीच बोलत नव्हतं.

एका सकाळी ती पत्रावळीसाठी पानं आणायला रानात गेली. दवाचे मोतीच मोती! हिरवे, निळे, सोनेरी, सगळं रान लुकलुकत होतं. तिनं एक पान उचललं, तर त्याखाली अंगठ्याएवढी परी झोपलेली. जांभळे पंख, चंदेरी झगा, गालांवर केशरी लाली. गार वाऱ्यानं परी शहारली. सोनकीनं ते पान तिच्यावर अलगद पांघरलं आणि पाऊल न वाजवता ती दुसऱ्या झाडाकडे निघाली.

"थांब, बाळ," मागून नाजूक आवाज आला. "तू मला झोपू दिलंस. तुला तीन इच्छा देते. पण एका इच्छेत एकच माणूस हं! आणि नवी मागितलीस की जुनी विरून जाईल."

सोनकी घरी धावली. "आत्याला ऊब मिळू दे!"

चुलीत सोनेरी ज्वाळा नाचू लागल्या. आत्याचा सुरकुतलेला चेहरा फुलला. पण झोपडी धुरानं भरली आणि धोंडूचे ओठ निळे पडले.

"धोंडूला वारा मिळू दे!" सोनकी ओरडली.

फुलांच्या वासाची झुळूक गिरक्या घेत आली. धोंडू खुदकन हसला. चूल मात्र विझली आणि आत्याचे दात वाजू लागले.

आता उरली एकच इच्छा. आत्या म्हणाली, "पोरासाठी माग." धोंडू म्हणाला, "आत्यासाठी माग." सोनकी आणखीच गोंधळली. आणि तिच्या मनात तिसरंच कुणीतरी हळूच कुजबुजत होतं. त्याची तिला लाज वाटली.

परी उंबऱ्यावर येऊन बसली होती. "परीबाई, मला काहीच कळत नाही," सोनकी रडवेली झाली. "आत्याकडे बघावं तर धोंडू दिसतो, धोंडूकडे बघावं तर आत्या. आणि मला... मला नुसतं झोपावंसं वाटतंय. मी वाईट आहे का हो?"

"या घरात माणसं किती?" परीनं विचारलं.

"दोन." सोनकी थबकली. "नाही... तीन."

मग तिनं डोळे मिटले. "मला थोडीशी झोप मिळू दे."

आणि ती तिथंच, लाजाळूचं पान मिटावं तशी, मिटून गेली. झुळूक थांबली. घर गार पडलं. दाराशी धावायला कुणीच नव्हतं.

"दमली रे पोर," आत्या पुटपुटली. "आपणच दमवली."

धोंडू अंगणाकडे बघत राहिला. तिथं कोवळं, पिवळंधमक ऊन पसरलं होतं. "आत्या, माझा खांदा धर," तो म्हणाला. एकेक पाऊल टाकत त्यानं तिला बाहेर नेलं. मग चुलीचे तिन्ही दगड एकेक करून ढकलत अंगणात आणले. मोकळ्यावर चूल पेटली. धूर उडाला आकाशात, ऊब राहिली आत्यापाशी.

सोनकी जागी झाली ती भाकरीच्या वासानं. परी तिच्या नाकासमोर भिरभिरत होती. "मागितलेलं संपलं," ती हसली. "हे न मागितलेलं. ऊन नसेल तेव्हा लागेल." तिनं छपराला पंखाचं टोक लावलं. तिथं एक सुबक धुराडं उमललं, त्यातून उजेडाची धार खाली उतरली. परी त्या उजेडात शिरली, लख्ख चमकली आणि दिसेनाशी झाली.

सोनकी डोळे चोळत अंगणात आली. आत्या कुडकुडत नव्हती, धोंडूला धाप नव्हती. ती दोघांच्या मध्ये तशीच उभी राहिली. कुणाकडे धावावं? तिला कळेना.

"आत्या, आता मी काय करू?"

आत्यानं पहिली भाकरी तिच्या पानात वाढली. "बस. जेव."