टिप्पी उंदरी आणि चीज-बटाट्याचा वाटा

डोंगरावर एक बीळ होतं.
बिळात एक उंदरी राहायची. टिप्पी तिचं नाव.
केवढी होती? अंगठ्याएवढी!

एकदा टिप्पीनं माती उकरली. खर्र खर्र खर्र. मातीतून निघाला एक बटाटा. इवलासा, गोल गोल, गोटीएवढा.
"माझा बटाटा!" टिप्पी म्हणाली.
पण उतारावरून बटाटा निसटला. गडगड गडगड गडगड… गुप!
धुक्यात गेला. दिसेनासा झाला.

त्या दिवशी धुकं फार होतं. दुपार झाली होती, पण ऊन नव्हतं. झाडं नव्हती. वाट नव्हती. सगळं पांढरं पांढरं. आणि गप्प गप्प.
टिप्पी शोधत निघाली. टिपटिप टिपटिप टिप.
शोधता शोधता वास आला. कांद्याचा, लोण्याचा. समोर होतं शेवंताकाकूंचं अंगण.

शेवंताकाकू एकट्याच होत्या. पुढ्यात मोठा थोरला ट्रे होता.
"काकू काकू, माझा बटाटा पाहिलात? इवलासा, गोल गोल, गोटीएवढा?"
"अगं बाई! तो तुझा होता? पायरीशी आला गडगडत. मी धुतला, सोलला, चकत्या केल्या. वर साय घातली, कांदा घातला, चीज किसलं. गेला बघ ट्रेत!"
टिप्पीचे डोळे भरले.
"मग माझा वाटा द्या."
"देईन की! पण कच्चा कसा देऊ? भाजला तर देईन. आणि भट्टी तर गारच आहे."

काकूंनी धुक्यात पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, "बटाटे काढून झाले. आज सगळ्यांचं जेवण आहे माझ्याकडे. तीस माणसं निघालीत शेतावरून. सकाळीच निघालीत. अजून एकही आलं नाही गं."
तेवढ्यात लांबून आवाज आला.
"ओऽऽऽ… वाट कुठंय?"
आवाज होता. माणूस नव्हतं.

टिप्पी गेली भट्टीकडे. टिपटिप टिपटिप टिप.
भट्टी मातीची. तोंड उघडं. आत काळं काळं.
"भट्टी भट्टी, ताप ना!
भट्टी तापेना,
बटाटा भाजेना,
माझा वाटा मिळेना!"
भट्टी घुमली, "नाऽऽही तापणार! लाकडं पेटली तर तापेन."

टिप्पी गेली लाकडांकडे. टिपटिप टिपटिप टिप.
लाकडं ओली. एकमेकांना चिकटून बसलेली. थेंब गळत होते. टप… टप… टप.
"लाकडांनो लाकडांनो, पेटा ना!
लाकडं पेटेनात,
भट्टी तापेना,
बटाटा भाजेना,
माझा वाटा मिळेना!"
लाकडं कुजबुजली, "नाऽऽही पेटणार! धुकं हललं तर पेटू."

टिप्पी गेली धुक्याकडे. धुक्याकडे कसं जायचं? अंगणाची पायरी उतरली, की झालं. सगळीकडे धुकंच.
मागे पाहिलं. घर नाही.
पुढे पाहिलं. काही नाही.
टिप्पीच्या मिशा ओल्या झाल्या. तरी ती म्हणाली,
"धुक्या धुक्या, हल ना!
धुकं हलेना,
लाकडं पेटेनात,
भट्टी तापेना,
बटाटा भाजेना,
माझा वाटा मिळेना!"
धुक्याला तोंड नव्हतं. तरी ते बोललं. इकडून बोललं, तिकडून बोललं, कानाशी बोललं.
"नाऽऽही हलणार! वारा उठला तर हलेन."
"ओऽऽऽ… वाट कुठंय?" पुन्हा आवाज आला. आता अगदी बारीक झाला होता.

टिप्पी गेली वाऱ्याकडे. टिपटिप टिपटिप टिप.
वारा घळीत झोपला होता. दगडाखाली. हूंऽऽऽ… हूंऽऽऽ… दगड श्वास घेतोय असं वाटत होतं.
टिप्पी दगडाच्या फटीत तोंड घालून म्हणाली,
"वाऱ्या वाऱ्या, ऊठ ना!
वारा उठेना,
धुकं हलेना,
लाकडं पेटेनात,
भट्टी तापेना,
बटाटा भाजेना,
माझा वाटा मिळेना!"
वारा झोपेतच म्हणाला, "नाऽऽही उठणार! घंटा वाजली तर उठेन."

टिप्पी गेली घंटेकडे. टिपटिप टिपटिप टिप.
माळावर एक खांब होता. खांबाला घंटा होती. धुकं पडलं की ती वाजवायची. ती ऐकून माणसं घराकडे यायची. पण आज घंटा गप्प होती. तिच्या पोटात अंधार होता.
"घंटे घंटे, वाज ना!
घंटा वाजेना,
वारा उठेना,
धुकं हलेना,
लाकडं पेटेनात,
भट्टी तापेना,
बटाटा भाजेना,
माझा वाटा मिळेना!"
घंटा म्हणाली, "नाऽऽही वाजणार! आजोबांनी दोर ओढला तर वाजेन."

आजोबा? कुठले आजोबा?
खांबाखाली तर एक दगड होता. काळा. वाकलेला.
टिप्पी जवळ गेली.
दगडानं डोळे उघडले!
टिप्पी टुणकन मागे उडाली. "चीं!"
तो दगड नव्हता. ते केरूआजोबा होते. घोंगडी पांघरून बसले होते. पापण्यांवर दव साचलं होतं. ओठ निळे पडले होते.
टिप्पी थरथरत म्हणाली,
"आजोबा आजोबा, दोर ओढा ना!
दोर कुणी ओढेना,
घंटा वाजेना,
वारा उठेना,
धुकं हलेना,
लाकडं पेटेनात,
भट्टी तापेना,
बटाटा भाजेना,
माझा वाटा मिळेना!"
आजोबा अगदी हळू बोलले.
"ओढला असता गं बाळा. सकाळपासून बसलोय. पण बोटं बघ माझी. गारठली. मिटतच नाहीत. भट्टी तापली तर हात शेकेन. हात शेकले तर दोर ओढेन."

भट्टी तापली तर?
टिप्पी मटकन खाली बसली.
भट्टी म्हणते लाकडं. लाकडं म्हणतात धुकं. धुकं म्हणतं वारा. वारा म्हणतो घंटा. घंटा म्हणते आजोबा. आणि आजोबा म्हणतात भट्टी!
आता जायचं कुणाकडे?
कुणीच उरलं नव्हतं.

टिप्पीनं कान टवकारले. "ओऽऽऽ…" आवाज येतोय का?
नाही.
पुन्हा ऐकलं.
नाही.
धुकं मात्र जवळ आलं. खांब झाकला. घंटा झाकली. आजोबांचे पाय झाकले.

टिप्पीला खूप भीती वाटली. तिचं काळीज धडधडू लागलं. धड धड धड धड. भीतीनं ती आजोबांच्या हातावर चढली. तळव्यात शिरली. अंगाची गोळी करून बसली.
आजोबा म्हणाले, "अगं… तू तर ऊन ऊन आहेस!"
खरंच की! अंगठ्याएवढी उंदरी, पण अंग कसं गरम!
टिप्पीनं डोकं वर काढलं.
"आजोबा, मी बोटं शेकू?"
"शेक गं, शेक."
टिप्पी अंगठ्याला बिलगली. अंगठा हलला.
टिप्पी पहिल्या बोटाला बिलगली. ते हललं.
दुसऱ्या बोटाला बिलगली. तेही हललं.
तिसरं बोट. करंगळी.
मग दुसरा हात. तोही सगळा शेकला.
आजोबांनी मूठ उघडली. मूठ मिटली.
"चढ खांद्यावर," आजोबा म्हणाले. "आणि कान झाक."

आजोबांनी दोर ओढला.
ठण्ण! ठण्ण! ठण्ण!
घंटा वाजली,
वारा उठला. भूऽऽऽ!
वारा उठला,
धुकं हललं.
पांढरं पांढरं धुकं मागे सरकलं. माळ सोडला, अंगण सोडलं. दरीत उतरताना ते एकदाच कण्हलं. सूंऽऽऽ… आणि गेलं.
धुकं हललं,
लाकडं वाळली.
लाकडं वाळली, लाकडं पेटली. तडतड तडतड!
लाकडं पेटली,
भट्टी तापली.
भट्टी तापली,
बटाटा भाजला. बुडबुड बुडबुड, चर्रर्र!

आणि माळावर काय दिसलं?
आधी दिसले पाय. नुसतेच पाय. कितीतरी पाय!
मग दिसले हात.
मग दिसली तोंडं.
माणसं! शेतावरची तीसच्या तीस माणसं! अगदी जवळच होती. गोल गोल फिरत होती.
सर्वांत पुढे होत्या सगुणामावशी, कडेवर बाळ घेऊन.
"घंटा ऐकली गं बाई!" त्या रडत रडत म्हणाल्या. "आवाजामागे आलो आम्ही. ओरडून ओरडून घसे बसले होते!"
शेवंताकाकू पळत गेल्या. त्यांनी बाळाला उचललं आणि छातीशी धरलं. किती तरी वेळ धरून ठेवलं.

मग ट्रे बाहेर आला. वर तांबूस चीज. कडेला खरपूस.
ताटं मांडली. सगळे बसले. सगळ्यांना भूक लागली होती.
कुणीतरी म्हणालं, "काकू, मला कोपऱ्याचा!"
काकू म्हणाल्या, "थांबा. आधी तिचा वाटा."
"कुणाचा?"
सगळे इकडे तिकडे बघू लागले.
केरूआजोबांनी हात पुढे केला. तळव्यात बसली होती टिप्पी.
काकूंनी कोपरा कापला. सगळ्यात खरपूस कोपरा! फुंकर घातली. फू फू फू. आणि टिप्पीच्या पुढ्यात ठेवला.
टिप्पीनं चावा घेतला. कुर्रम!
चीज लांबलं. लांऽऽऽब लांब. टिप्पी मागे सरकली, तरी लांबलं. आणखी मागे सरकली… आणि तुटलं. टण्!
टिप्पी आजोबांच्या मनगटावर पडली उताणी.
तीसच्या तीस माणसं हसली. बाळसुद्धा हसलं.
"गोड आहे का गं?" काकूंनी विचारलं.
टिप्पीच्या तोंडात घास होता. बोलता येईना. तिनं नुसती शेपटी हलवली.

ट्रे झाला रिकामा, पोट भरलं,
गोष्टीत आता काही नाही उरलं!